साबणाच्या वड्या पाडणे

विकत आणलेल्या मोठ्या साबणाचे वापरण्यापूर्वी घरीच दोन, तीन किंवा चार तुकडे करण्याच्या क्रियेस वड्या पाडणे म्हणतात. कोथिंबीर, बेसन आणि खोबरे यांच्या बाबतीतही हाच शब्द चालतो. तो साबणाला लागला यात नवल नाही, कारण दोन्ही कामे एकच व्यक्ती, एकाच ओट्यावर आणि पुष्कळ घरांत एकाच सुरीने करते. खोबऱ्याच्या वड्या पाडताना मात्र पोरे भोवती जमतात. साबणाच्या पाडताना ती पांगतात, कारण जे सापडेल त्याला साबण धरायला बसवण्याची रीत आहे.

ही क्रिया सगळ्या महाराष्ट्रात आढळते. सोलापुरात तिला पाणी, ऊन आणि सूत या तिन्हींची जोड मिळाल्यामुळे तिचा अभ्यास करायला हे शहर विशेष सोयीचे. आणखी एक सोय भाषेची. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू अशा चार भाषा एका गल्लीत नांदणाऱ्या या गावात भांड्यांना, भाज्यांना आणि नात्यांना चार-चार नावे आहेत. साबण, साबूनू, सब्बू आणि साबून ही मात्र एकाच शब्दाची चार तोंडे होत. अरबीतील साबून आणि पोर्तुगीजांचा सबाँव हे त्यांचे जवळचे नातलग. त्यामुळे कशाला काय म्हणतात यावर इथे वाद होत नाही. वाद होतो तो मोठा तुकडा कोणाचा यावर.

तसे पाहिले तर साबण कापलेलाच जन्माला येतो. जुन्या पद्धतीच्या कारखान्यात शिजवलेला साबण मोठ्या चौकटींत ओतत, घट्ट झाला की ताणलेल्या तारांनी त्याच्या लाद्या आणि लाद्यांचे लांब बार करीत. हे बार किराणा दुकानात जात. दुकानदार गिऱ्हाइकाला हवा तेवढा तुकडा कापून, तोलून देई. इंग्लंडातल्या बोल्टन गावच्या एका किराणा व्यापाऱ्याचा मुलगा विल्यम लीव्हर सोळाव्या वर्षी वडिलांच्या धंद्यात शिरला, तेव्हा साबण कापून कागदात बांधण्याचे काम त्याच्या वाट्याला आले. पुढे १८८४ मध्ये त्याने सनलाइट हे नाव नोंदवले आणि आधीच कापलेल्या, छाप मारलेल्या, वेष्टनात गुंडाळलेल्या वड्या विकायला काढल्या. १८८८ मध्ये त्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. जगभरच्या गिऱ्हाइकाची आणि दुकानदाराची कापाकापीतून सुटका झाली ती अशी. सोलापूरच्या गिऱ्हाइकाने वेष्टन सोडले, छाप पाहिला, वेष्टन घडी घालून कपड्यांच्या फडताळात वासासाठी ठेवले आणि वडी पुन्हा कापली.

कपड्यांच्या साबणाची गोष्ट थोडी निराळी. टाटा ऑइल मिल्सच्या ५०१ सारखे लांब बार अगदी अलीकडच्या पिढीपर्यंत घराघरांत येत. ते कापण्यासाठीच असत, त्यामुळे त्यांच्या कापण्यात कर्तृत्व काही नव्हते. अखंड वापरावा अशा हेतूने बनवलेला अंगाचा साबण कापणे, हाच या विषयाचा गाभा.

वड्या का पाडतात, याचे पहिले कारण गणिताचे सांगतात. आठ सेंटिमीटर लांब, पाच रुंद आणि तीन जाड अशी वडी घेतली तर तिचे एकूण पृष्ठफळ १५८ चौरस सेंटिमीटर भरते. मधोमध कापली की प्रत्येक अर्ध्याचे ९४. म्हणजे दोन्ही अर्धे मिळून १८८. कापल्यामुळे झिजायला ३० चौरस सेंटिमीटर जागा जास्तच मिळाली. पण दुसरा अर्धा कपाटात कोरडा असतो आणि मोरीत भिजतात ते फक्त ९४. साबण अंगाला लावण्याने जितका जातो त्याहून कितीतरी जास्त साबणदाणीत साचलेल्या पाण्यात बसून जातो, हे ज्याने सकाळी साबणदाणीत बोट घातले आहे त्याला सांगायला नको. म्हणून अर्धा कोरडा ठेवण्यात खरोखरच बचत आहे. मात्र दोन्ही अर्धे एकदम मोरीत ठेवले तर तोटा आहे, आणि घरात दोन मोऱ्या झाल्यापासून नेमके तेच होते. गणित बरोबर असून हिशेब चुकण्याचे हे उदाहरण शाळेत शिकवण्याजोगे आहे.

दुसरे कारण गिरण्यांच्या काळातले. १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी गिरणी, पुढे नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू; भोंगा झाला की माणसे तेल-वंगणाने काळी आणि कापसाच्या तुसाने पांढरी होऊन बाहेर पडत. या रंगसंगतीला साबण भरपूर लागे. आंघोळ चाळीतल्या सामाईक नळावर. तिथे विसरलेला साबण परत मिळणे हा दैवयोग, आणि मिळाला तरी तो बारीक झालेला असे. अशा ठिकाणी अख्खी वडी घेऊन जाणे म्हणजे पगाराचे पाकीट घेऊन सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत शिरणे. तुकडा न्यावा, गेला तर तुकडा गेला. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि चाळींच्या जागी इमारती आल्या, तरी तुकडा नेण्याची सवय टिकली. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट आणि गाणगापूर ही चारही क्षेत्रे सोलापूरहून सकाळी निघून गाठता येतात. तिथे आंघोळीला जाणाऱ्याच्या पिशवीत धोतर किंवा लुगडे, पंचा आणि प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला अर्धा साबण असतोच. अख्खा साबण नेणारा माणूस मुक्काम करणार, असे समजावे.

तिसरे कारण पाण्याचे. सोलापूरला उजनीचे पाणी येते, पण रोज येत नाही. काही दिवसांआड नळ येणे हे शहराचे नेहमीचे वेळापत्रक. मधल्या दिवसांत बोअरचे पाणी. पाठ्यपुस्तकात ज्याला दुष्फेन म्हणतात ते हेच. खडकातून झिरपताना त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. साबण या क्षारांना भेटला की आधी त्यांच्याशीच संयोग पावतो आणि करड्या साक्याच्या रूपाने बादलीच्या कडेला बसतो. क्षार संपले की उरलेल्या साबणाला फेस येतो. म्हणजे बोअरच्या पाण्याने आंघोळ करणारा आधी पाण्याला आंघोळ घालतो आणि मग स्वतःला. साबण कापल्याने पाणी मऊ होत नाही. पण वडी दहा दिवसांत संपली असे म्हणण्यापेक्षा तुकडा पाच दिवस पुरला असे म्हणताना बरे वाटते, आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बरे वाटण्याला किंमत असते.

ही तिन्ही कारणे खरी आहेत, आणि चौथे खरे कारण झाकायला पुरेशी आहेत. वडी कापणाऱ्याच्या हाती घराची किल्ली असते. उरलेले तुकडे ती व्यक्ती अशा फडताळात ठेवते, की साबण हवा असेल तर तिलाच विचारावे लागते. “अक्का, साबण संपला,” या हाकेला “परवाच तर दिला होता” हे उत्तर देण्याचा अधिकार त्यातून मिळतो. अख्खी वडी मोरीत ठेवणाऱ्या घरात हा संवाद महिन्यातून दोनदा होतो. वड्या पाडणाऱ्या घरात आठ वेळा.

कोणता साबण कापावा, हे वेष्टनाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. टीएफएम म्हणजे साबणातल्या एकूण स्निग्धांशाचे शेकडा प्रमाण. पहिल्या प्रतीच्या साबणात ते किमान ७६, दुसऱ्या प्रतीच्या ७० आणि तिसऱ्या प्रतीच्या ६० असावे लागते. त्याखालच्या मालाला साबण न म्हणता ‘बेदिंग बार’ म्हणतात; अंग त्यानेही भिजते. स्निग्धांश कमी आणि शंखजिरे वगैरे भरताड जास्त असलेली वडी पाण्यात लवकर लिबलिबीत होते आणि कापताना कडेने ढासळते. चांगल्या घोटलेल्या साबणाचा काप गुळगुळीत निघतो. पारदर्शक ग्लिसरीनचा साबण सुरीला अजिबात विरोध करत नाही. पण अशा निमूट साबणाला कापण्यात गंमत नाही, असे जाणकार गृहिणींचे मत पडते. त्वचेच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला साबण कापत नाहीत, कारण त्यात कोणाला वाटा नको असतो. कपड्यांचा डिटर्जंट बार मुळात साबणच नव्हे. तो क्षारांशी सलगी करत नाही, त्यामुळे बोअरच्या पाण्यातही फेसाळतो, आणि त्याचे तुकडे करायला हत्यार लागत नाही. मोरीच्या कडेवर एकदा आपटला की होतात. किती होतील ते मात्र त्याच्यावर सोडावे.

पूर्वी साबण स्वयंपाकघरात आणायलाच हरकत असे. चरबीचा माल पोळपाटाजवळ नको, हे म्हणणे सोलापुरातल्या शाकाहारी घरांत तरी न्याय्य होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला अर्देशीर गोदरेज यांनी वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला आणि साबणाला उंबरा ओलांडण्याची मुभा मिळाली. साबण आत आला. त्याचा वास आत येऊ नये यासाठी अजून कोणी काही शोधलेले नाही.

कापण्याचा मुहूर्त महत्त्वाचा. दुकानातून नुकत्याच आलेल्या साबणात थोडा ओलावा असतो, तेव्हाच तो सुरीखाली नीट बसतो. सोलापूरचा मे महिना बेचाळीस अंशांच्या पुढे सहज जातो. त्या दुपारी साबण आपण होऊन मऊ पडतो आणि कापणाऱ्याला जोर लावावा लागत नाही. मात्र तोच साबण आठवडाभर कपाटावर राहिला तर सुकून ठणठणीत होतो आणि सुरी टेकताच कपच्या उडतात. जानेवारीत, गड्ड्याच्या दिवसांत, हवा कोरडी आणि थंड असते. त्या वेळी कापायला घेतलेली वडी सरळ भेगाळते. म्हणून आणल्या दिवशीच कापावा. कापल्यावर तुकडे लगेच वापरू नयेत. सावलीत, वारा लागेल अशा जागी, एकमेकांना न चिकटवता तीन-चार आठवडे सुकू द्यावेत. सुकलेला तुकडा कठीण होतो आणि जास्त दिवस पुरतो. कापावा ताजा आणि वापरावा शिळा, हे तत्त्व इतर गावांत पटवून द्यावे लागते. कडक भाकरीच्या गावात कोणी शंकाही काढत नाही.

साबणाला लाकडासारखा उभा-आडवा धागा असतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कारखान्यात घोटलेला साबण शेवेच्या सोऱ्यासारख्या यंत्रातून दाबून लांब कांडीच्या रूपात बाहेर काढतात आणि तिचे आडवे तुकडे करून त्यांवर छाप मारतात. दाबाच्या त्या रेषा वडीत लांबीच्या दिशेने राहून जातात. वापरून जुन्या झालेल्या साबणाला उभ्या भेगा पडतात त्या याच रेषांवर. म्हणून वडी आडवी कापावी, कारखान्याने कापली तशीच. उभी कापायला गेले तर ती हव्या त्या रेषेवर न फुटता तिला हव्या त्या रेषेवर फुटते.

हत्यारांत पहिला मान सुरीचा. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, वडीच्या मधोमध ठेवावी आणि दोन्ही हातांनी खाली दाबावी. करवतीसारखी पुढे-मागे ओढू नये. तसे केल्यास साबण कापला न जाता किसला जातो. सुरी गॅसवर तापवणाऱ्यांचाही एक संप्रदाय आहे. त्यांचा काप देखणा येतो, पण त्यांच्याकडचा त्या संध्याकाळचा कांदा चंदनाचा लागतो. विळीवर साबण कापणे सर्वस्वी वर्ज्य आहे, कारण विळीवर पाते स्थिर आणि पदार्थ हातात असतो, आणि साबणाचा हातात न राहण्याबद्दल लौकिक आहे. वर्ज्य असूनही हा प्रकार घडतो. ज्या घरात घडला त्या घरात नंतर वर्षभर वड्या पाडण्याचे काम पुरुषांकडे असते आणि ते हॅक्सॉ ब्लेड आणतात.

सोलापूरचे स्वतःचे हत्यार म्हणजे सूत. चादरी आणि टॉवेलांच्या या शहरात, विशेषतः पूर्व भागात जिथे घरातच माग खडखडतो, सुताला तोटा नाही. चादरीचे जाड सूत दुपदरी करून पीळ द्यावा, पाण्यातून काढावे, वडीभोवती एक फेरा घालून टोके एकमेकांवरून ओलांडावीत आणि दोन्ही हातांनी विरुद्ध दिशांना सावकाश ओढावीत. फास आवळत जातो आणि साबणाचे दोन भाग होतात. कारखान्यातल्या तारेचे हेच तत्त्व. मऊ आणि ताज्या साबणावर ही पद्धत सुरीपेक्षा सरस ठरते, चुरा जवळजवळ पडत नाही. घट्ट साबणावर मात्र सूत तुटते आणि ओढणारा मागे पडतो. मागे कोण बसले आहे हे आधी पाहून घ्यावे.

खाली अंथरायला वर्तमानपत्र घेतात. ओलसर साबणाला छापील शाई लगेच पकडते, त्यामुळे नळ एक दिवस पुढे ढकलल्याची बातमी उलट्या अक्षरांत वडीवर उमटते आणि बोअरच्या पाण्याने अंगाला लागते.

दोन तुकडे सारखे होत नाहीत. कापणारा कितीही सराईत असला तरी एक बोटभर मोठा निघतो, आणि जमलेल्या सर्वांना तो एकदमच दिसतो. मग मोठ्यातून एक काप काढून समानता आणण्याचा प्रयत्न होतो. आता दुसरा मोठा दिसतो. दोन मांजरांना लोणी वाटून देणाऱ्या माकडाची गोष्ट इथे आठवते. पण माकडाला निदान लोणी खाता आले. इथे समानतेसाठी काढलेले सगळे काप चुऱ्यात जमा होतात, आणि तिसऱ्या दुरुस्तीनंतर कोणी तरी म्हणतो, “राहू दे बे आता, समदा साबण कापण्यातच संपला.”

हा चुरा टाकत नाहीत. तो डब्यात भरून ठेवतात आणि फरशी पुसायच्या बादलीत चमचाभर घालतात. पांढऱ्या साबणाचा चुरा सुक्या खोबऱ्याच्या किसासारखा दिसतो, म्हणून डब्यावर चिठ्ठी चिकटवावी. शेंगाचटणीला रंगामुळे हा धोका संभवत नाही. सोलापूरच्या स्वयंपाकघराची ही एक नैसर्गिक संरक्षणव्यवस्था म्हणता येईल.

वाटणीचे नियम घरागणिक बदलतात. छाप असलेल्या वडीचा प्रश्न नाजूक असतो. लाइफबॉयची वडी मधोमध कापली की एका तुकड्यावर ‘लाइफ’ राहते आणि दुसऱ्यावर ‘बॉय’. पहिला आजोबांना आणि दुसरा नातवाला देण्याची सोय त्यात आपोआप होते. तीन पिढ्यांच्या घरात मधल्या पिढीने काय करायचे, हे साबणावर लिहिलेले नसते. पाहुणा आला तर त्याच्यापुढे कापलेला तुकडा ठेवणे अप्रशस्त समजतात. त्याच्यासाठी अख्खी वडी फोडतात. तो गेल्यावर ती वाळवून, पुसून कापतात. ओल्या वडीवरून सुरी घसरते, त्यामुळे पाहुणा किती दिवस राहणार याची चौकशी आदरातिथ्याच्या पलीकडच्या कारणानेही होऊ शकते.

दिवाळीत मोठा प्रसंग येतो. अभ्यंगस्नानाचा मोती साबण गोल आणि जाड असतो. चौकोनी वडीचे नियम त्याला लागू पडत नाहीत. सणाचा साबण कापू नये असे वडीलधारे म्हणतात आणि घरात माणसे सहा असतात. गोल वस्तू वाटण्याचे शास्त्र मराठीत फार जुने आहे: अर्धी, चतकोर, नितकोर. भाकरीसाठी घडवलेले हे अपूर्णांक साबणालाही तंतोतंत बसतात. अर्धा तुकडा चंद्रकोरीसारखा गोमटा दिसतो आणि हातातही बसतो. चतकोराला मात्र एक टोक येते. ते पहाटेच्या अंधारात, उटणे लावलेल्या पाठीवर कुठे रुतेल हे सांगता येत नाही, आणि पहिल्या फटाक्याच्या आधी गल्लीत जो आवाज ऐकू येतो तो बहुधा त्याचा असतो. नितकोर करू नये. त्याला खडे म्हणतात, साबण नव्हे.

प्रत्येक तुकड्याचा शेवट कपचीत होतो. वडी अख्खी वापरली तर कपची एक उरते. चार तुकडे केले तर चार. कापून वाचवलेला साबण पुष्कळ प्रमाणात या चार कपच्यांच्या रूपाने परत हजर होतो, आणि त्यांचे काय करायचे हा वड्या पाडण्याच्या शास्त्राचा शेवटचा भाग आहे. पहिला उपाय चिकटवण्याचा. जुनी कपची आणि नवा तुकडा दोन्ही ओले करून एकमेकांवर दाबावेत आणि रात्रभर सुकू द्यावेत. लाल साबणावर हिरवी कपची, तिच्यावर कोणे एके काळची पांढरी, असे थर देणारी घरे आहेत. हा जोड तीन दिवस टिकतो. चौथ्या दिवशी डोळे मिटलेले असताना सुटतो आणि मोरीच्या जाळीकडे निघतो. दुसरा उपाय टॉवेलाच्या जुन्या तुकड्याची पिशवी शिवून त्यात कपच्या भरण्याचा. टर्किश टॉवेलांच्या गावात असे तुकडे मुबलक, आणि अंग घासायला ही पिशवी उत्तम. ती चार दिवसांनी कुबट वास मारू लागते हा दोष सोडला तर तिच्यात उणे काढण्यासारखे नाही.

तिसरा उपाय उरलेल्या सगळ्या कपच्या साठवण्याचा. वर्षभरात डबा भरतो. मग त्या किसणीवर किसून, थोड्या पाण्यात मंद आचेवर हलवतात. रंग सगळे मिसळून अखेरीस बदामी होतो, वास चंदन, लिंबू, कडुनिंब आणि गुलाब यांच्यात एकमत न झाल्यासारखा येतो. हा लगदा तेल लावलेल्या स्टीलच्या डब्यात थापून आठ-दहा दिवस झाकून ठेवतात. घट्ट झाल्यावर डबा उलटा करून बुडावर थाप मारली की आतून एकसंध गोळा निघतो. तो एका हातात मावत नाही, म्हणून त्याच्या वड्या पाडतात.